द्राक्षमळ्यांतला शांत रस्ता कोणाचा?

दक्षिण फ्रान्समधील द्राक्षमळ्यांतून सायकलने हिंडण्याची हौस आज जगभरच्या सुखवस्तू वर्गात रूढ झाली आहे. पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रके या सफरींचे वर्णन ठरावीक शब्दांत करतात. वाहनांची वर्दळ नसलेला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या असलेल्या वेली, दुपारी एखाद्या जुन्या वाड्यात भोजन आणि संध्याकाळी वाइनचा पेला. सामान मोटारीने पुढच्या मुक्कामी जाते. सायकलस्वाराने फक्त पायडल मारीत जायचे. हे वर्णन वाचून समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात पहिली भावना उमटते ती उपेक्षेची. ज्या देशात अगणित माणसे दुसरे वाहन परवडत नाही म्हणून सायकल चालवतात, त्या देशातील चळवळीचा या हौशी मंडळींच्या सफरीशी संबंध काय? शिवाय मुलूख वाइनचा. दारूबंदीच्या संस्कारात वाढलेल्या कार्यकर्त्याला त्याविषयी बोलणेही अप्रशस्त वाटावे.

ही उपेक्षा समजण्यासारखी आहे, पण ती महागात पडणारी आहे. ज्या शांततेचा आज बाजार मांडला गेला आहे, ती शांतता आपोआप निर्माण झालेली नाही. तो सपाट रस्ता कोणी तरी खणला, त्या वेली कोणी तरी लावल्या व जगवल्या, आणि त्या रस्त्याने सायकल घेऊन जाण्यासाठी लागणारी सवड कोणी तरी संप करून मिळवली. रस्ता, मळा आणि सवड या तिन्ही गोष्टी श्रमिकांची कमाई आहेत. माहितीपत्रक ती कमाई निसर्गाची देणगी म्हणून विकते, आणि चळवळ ती श्रीमंतांची चैन समजून सोडून देते. या दोन्हींचा परिणाम एकच होतो: ज्यांचे होते त्यांच्याकडून ते निसटते.

सपाट वाटेचा इतिहास

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी लांगदॉक नावाचा प्रांत आहे. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचा हा एक फार मोठा पट्टा. नारबॉन शहरातून एक लहानसा कालवा उत्तरेकडे निघतो आणि प्रसिद्ध 'कॅनाल द्यु मिदी' या मोठ्या कालव्याला जाऊन मिळतो. तेथून कालव्याच्या काठाने पूर्वेकडे वळले, की आर्जेलिए, कापेस्तां अशी गावे मागे टाकीत सायकलस्वार बेझिए शहरापर्यंत जातो. या सबंध टापूत कालव्याला सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत एकही जलद्वार नाही. टेकड्यांना वळसा घालीत, समान उंचीची रेषा न सोडता तो वाहतो. म्हणून त्याच्या काठची वाटही सपाट आहे. वाट कोठे कच्ची आहे, कोठे झाडांच्या मुळांनी उचललेली आहे, आणि तेथील वायव्येचा वारा समोरून आला तर दमछाक करतो. पण चढ नाही. पूर्वी या वाटेने घोडे चालत आणि दोराने नावा ओढीत. आज त्याच वाटेने सायकली जातात.

हा कालवा १६६६ च्या सुमारास हाती घेतला गेला आणि १६८१ मध्ये खुला झाला. त्याचा कर्ता पिएर-पॉल रिके हा मूळचा बेझिएचा, आणि पेशाने मिठावरील कराचा वसूलदार. कालव्याला लागलेल्या पैशाचा एक मोठा स्रोत हा कर होता. म्हणजे तुलूजपासून समुद्रापर्यंतच्या या २४० किलोमीटरच्या जलमार्गात गरिबाच्या भाकरीवरील मीठही खर्ची पडले आहे. मिठाच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. काम भरात असताना सुमारे १२ हजार माणसे खोदाईवर होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. रिके स्वतः कालवा पुरा झालेला पाहू शकला नाही. १६८० मध्ये तो वारला.

या कामाची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मजूर टिकावेत म्हणून रिकेने त्यांना मासिक वेतन दिले, आणि रविवार, सणाचे दिवस, पावसाने काम बंद पडलेले दिवस आणि आजारपणाचे दिवस यांचेही पैसे दिले. यात दयाबुद्धी किती आणि हंगामात शेतीकडे पळणारा मजूर अडवून धरण्याची व्यावहारिक गरज किती, हा वाद घालता येईल. त्यातून एक सिद्ध होते ते असे, की श्रमाला विसावा देणे परवडत नाही ही मालकवर्गाची तक्रार साडेतीनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरलेली आहे. ज्या सपाट वाटेने आजचा प्रवासी सुट्टी उपभोगीत जातो, ती वाट पगारी विसावा मिळालेल्या हातांनी घडवलेली आहे.

वेलींचा मुलूख, लढ्यांचा मुलूख

कालव्याच्या काठचे आर्जेलिए हे गाव माहितीपत्रकात आले तर पाण्याच्या बाटल्या भरून घेण्याचे ठिकाण म्हणून येते. फ्रान्सच्या शेतकरी चळवळीच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान मोठे आहे. १८६३ पासून फिलॉक्झेरा नावाच्या किडीने या मुलखातील वेलींची मुळे खाण्यास सुरुवात केली आणि पुढील काही दशकांत फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त झाले. अमेरिकन मुळांवर देशी वेलींची कलमे बांधून ते पुन्हा उभे करण्यात आले. या पुनर्लागवडीला भांडवल लागले. लहान शेतकरी कर्जात गेला, मोठ्या जमीनदाराने मैदानी प्रदेशात भरघोस उत्पन्नाच्या वाणांची लागवड केली, आणि वेली पुन्हा फळाला आल्या तेव्हा बाजारात वाइनचा पूर आला. त्यात साखर घालून बनवलेल्या नकली वाइनची भर पडली. अल्जीरियातील वसाहतीतूनही माल येत होता. भाव कोसळले.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिएचे ८७ शेतकरी पायी नारबॉनला निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा गावात कॅफे चालवणारा एक द्राक्षउत्पादक होता. त्यानंतर दर रविवारी एकेका शहरात सभा होऊ लागल्या आणि प्रत्येक सभा आधीच्या सभेहून मोठी होत गेली. ९ जून रोजी माँपेलिए शहरात जमलेला समुदाय पाच लाखांच्या घरात होता. क्लेमान्सो यांच्या सरकारने सैन्य पाठवले. नारबॉनचे समाजवादी महापौर डॉक्टर एर्नेस्त फेरूल यांना अटक झाली, आणि १९ व २० जून रोजी त्या शहरात सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत एक वीस वर्षांची मुलगी होती.

त्याच रात्री एक असाधारण घटना घडली. सतराव्या पायदळ पलटणीतील सैनिक याच मुलखातले, द्राक्षे पिकवणाऱ्यांचीच मुले होती. खबरदारी म्हणून त्यांना बेझिएहून समुद्राकाठच्या आग्द गावी हलवण्यात आले होते. आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्याचे कळताच त्यांतील सुमारे पाचशे जणांनी शस्त्रे उचलली आणि वीसेक किलोमीटर चालून रातोरात बेझिए गाठले. शहरातील ज्या रुंद वृक्षाच्छादित मार्गाला कालव्याच्या कर्त्याचे, रिकेचे नाव आहे, त्या मार्गावर त्यांनी ठाण मांडले. लोकांनी त्यांना जेवू घातले. पुढे शरणागतीनंतर त्यांची रवानगी ट्युनिशियातील गाफ्सा येथे झाली. २९ जून रोजी सरकारला नकली वाइनविरुद्ध कायदा करावा लागला.

या उठावाचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. त्यात बडे जमीनदार आणि मजूर एकाच झेंड्याखाली आले होते, आणि ती एकी भावाच्या प्रश्नापुरतीच होती. तीन वर्षांपूर्वी, १९०४ मध्ये, याच मळ्यांतील शेतमजुरांनी मजुरीसाठी संप केले होते. तेव्हा मालक त्यांच्या बाजूला नव्हते. शेतमालाला भाव मिळाला म्हणजे शेतमजुराचे भले आपोआप होते, हा समज तेथेही खरा ठरला नाही.

याहून वेगळी वाट बेझिएजवळच्या मारोसाँ गावातील लहान शेतकऱ्यांनी शोधली. १९०१ मध्ये त्यांनी 'स्वतंत्र द्राक्षउत्पादक' या अर्थाचे नाव घेऊन सहकारी संस्था स्थापन केली आणि पुढे एक सामाईक वाइनघर बांधले. दलालाला वगळून त्यांनी आपला माल थेट पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना विकला. म्हणजे एका टोकाला कसणारा आणि दुसऱ्या टोकाला कारखान्यात राबणारा, अशी ती साखळी होती. ज्याँ जोरेस यांनी १९०५ मध्ये या गावाला भेट दिली आणि या प्रयोगाची प्रशंसा केली. ही इमारत आजही उभी आहे, आणि तेथपर्यंत सायकलने सहज जाता येते.

वाइन प्यावी की पिऊ नये, हा प्रश्न येथे गौण आहे. दारूच्या व्यसनाने संसार उद्ध्वस्त होतात ही वस्तुस्थिती आहे, आणि त्याविरुद्ध लढणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहणे हे समाजवाद्याचे कर्तव्यच आहे. पण पेल्याकडे पाहावयाचे नाही म्हणून मळ्याकडेही पाहावयाचे नाही, असा नियम केला तर त्या मळ्यात राबणारा माणूसही दृष्टीआड होतो.

सवड ही मागून मिळाली नाही

रस्ता आणि मळा झाला. आता सवडीचा प्रश्न. सायकल हे कामगाराच्या हाती आलेले पहिले स्वतंत्र वाहन होय. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे सायकल क्लब काढला. रविवारी सायकलने खेड्यांत जायचे, पत्रके वाटायची, सभा घ्यायच्या आणि संध्याकाळी परतायचे, असा त्यांचा क्रम होता. जर्मनीत १८९६ मध्ये कामगार सायकलस्वारांचा 'एकजूट' या अर्थाच्या नावाचा संघ स्थापन झाला. पहिल्या महायुद्धापूर्वी त्याची सभासदसंख्या लाखाच्या वर गेली होती. १९३३ मध्ये नाझींनी त्यावर बंदी घातली आणि त्याची मालमत्ता जप्त केली. रविवारची सहल आणि राजकीय प्रचार ही दोन वेगळी कामे आहेत असे या माणसांना वाटत नव्हते, आणि हिटलरलाही तसे वाटले नाही.

मात्र रविवार एकच, आणि तोही पुष्कळांना नसे. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती सायकल आली तरी ती त्याला कारखान्यापर्यंतच नेते. मोकळ्या रस्त्यावर जाण्यासाठी सायकलीहून महाग वस्तू लागते, ती म्हणजे मजुरी न बुडवता मिळालेला दिवस. हा दिवस फ्रान्समधील कामगाराला १९३६ मध्ये मिळाला. मे महिन्यात डाव्या पक्षांच्या लोकआघाडीने निवडणूक जिंकली. सरकार अधिकारावर येण्याची वाट न पाहता सुमारे वीस लाख कामगारांनी संप पुकारला, आणि अनेक ठिकाणी कारखान्यांतच ठिय्या दिला. ४ जून रोजी लेऑ ब्लम पंतप्रधान झाले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. दुसऱ्या दिवशी ४० तासांच्या आठवड्याचा कायदा आला. हे ब्लम संसदेत कोठून निवडून येत? नारबॉनमधून. ज्या द्राक्षमळ्यांच्या मुलखाने १९०७ मध्ये गोळ्या झेलल्या, त्याच मुलखाचा प्रतिनिधी कामगाराची पहिली पगारी सुट्टी घेऊन आला.

कायदा केल्याने काम संपत नाही, हे त्या सरकारने ओळखले होते. रजा मिळालेला कामगार घरीच बसला तर ती रजा अर्धीच. म्हणून क्रीडा व फुरसत यांसाठी स्वतंत्र खाते निर्माण करून ते लेओ लाग्रांज या तरुण समाजवादी पुढाऱ्याकडे सोपवण्यात आले. रजेवर निघालेल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत देणारे तिकीट ऑगस्टपासून सुरू झाले, आणि पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. उजव्या वृत्तपत्रांनी लाग्रांज यांना आळसाचे मंत्री म्हणून हिणवले. हा तथाकथित आळसाचा मंत्री पुढे स्वतः होऊन सैन्यात गेला, आणि जून १९४० मध्ये आघाडीवर लढताना मारला गेला.

त्या उन्हाळ्यात फ्रान्सचे रस्ते सायकलींनी फुलले. एकीवर दोघांनी बसण्याच्या जोडसायकली विशेष लोकप्रिय झाल्या, कारण त्यांवर नवरा-बायको बरोबरीने पायडल मारीत जाऊ शकत. पुष्कळांनी समुद्र प्रथमच पाहिला. फ्रान्सच्या पराभवानंतर, १९४२ मध्ये, पेताँ यांच्या राजवटीने ब्लम यांच्यावर रिओम येथे खटला भरला. कामगारांना सुट्ट्या देऊन राष्ट्र दुबळे केले, असा त्या आरोपांचा रोख होता. ब्लम यांनी माफी मागितली नाही. एकसारखे स्वेटर घालून जोडसायकलवरून निघालेली कामगार जोडपी आपण रस्त्यावर पाहिली आहेत, आणि त्यांच्या अंधारलेल्या आयुष्यात आपण थोडा उजेड आणला याचे आपल्याला समाधान आहे, अशा आशयाचे त्यांचे निवेदन होते. आरोपीच्या पिंजऱ्यातून बोललेला हा माणूस सायकलीविषयी बोलत होता, हे विसरू नये. त्या पिंजऱ्यातून सायकल ही क्षुल्लक गोष्ट दिसत नव्हती.

पुढे फ्रान्समध्ये १९५६ मध्ये रजेचा तिसरा आठवडा, १९६९ मध्ये चौथा आणि १९८२ मध्ये पाचवा आठवडा मिळाला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती, फुरसत आणि ठरावीक मुदतीने पगारी सुट्टी हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५२ मध्ये शेतमजुरांच्या पगारी रजेविषयी स्वतंत्र करार केला. म्हणजे कागदावर हा हक्क शेताच्या बांधापर्यंत केव्हाच पोचला आहे.

मळा आज कोणाच्या घामावर

आजचे चित्र पाहिले तर या वारशाचे काय झाले ते दिसते. चांगल्या बाजूने पाहता, फ्रान्समध्ये मोटारींना मज्जाव असलेल्या 'हरित वाटां'चे जाळे सार्वजनिक खर्चाने उभे राहिले. त्यांतील पहिली वाट १९९७ मध्ये बरगंडी प्रांतात, जिव्री आणि क्लुनी या गावांच्या दरम्यान, द्राक्षमळ्यांच्या कडेने निघाली. पण ती बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर निघाली, हेही लक्षात घेतले पाहिजे. लाग्रांज यांच्या सवलतीच्या तिकिटाची ज्यांना आस होती त्यांना खेडोपाडी नेणारे लहान लोहमार्ग कसे उपयोगी पडत, हे उघड आहे. रूळ उखडल्यावर उरलेली सुंदर वाट ज्याच्याकडे मोटार आहे त्याला जवळ आणि ज्याच्याकडे नाही त्याला दूर होते.

मळ्यांची अवस्था तर अधिक बिकट आहे. फ्रान्समधील वाइनचा खप गेल्या साठ वर्षांत दरडोई एक तृतीयांशावर आला. २०२४ मध्ये सरकारने वेली कायमच्या उपटण्यासाठी हेक्टरी ४ हजार युरो देऊ केले, आणि लांगदॉकमधील अनेक शेतकऱ्यांनी ते घेतले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी नारबॉन ज्या ऑद जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील कोर्बिएरच्या डोंगरात वणवा पेटला आणि सुमारे १६ हजार हेक्टर प्रदेश जळून गेला. मशागत केलेला हिरवा मळा आग अडवतो. वेली उपटून पडीक टाकलेल्या जमिनीवरचे झुडूप ती पुढे नेते. ही गोष्ट तेथील शेतकरी आणि गावांचे महापौर वणव्यानंतर कळवळून सांगत होते. भाव न मिळाल्याने हटलेला शेतकरी आणि जळालेला डोंगर यांचा संबंध बाजाराच्या हिशेबात कोठेच येत नाही.

आणि जेथे वाइनला सोन्याचा भाव आहे, तेथे मजुराचे काय? उत्तरेकडील शँपेन प्रांत जगातील महागड्या वाइनचे माहेरघर आहे. तेथे द्राक्षे हातानेच तोडावी लागतात, आणि हंगामात बाहेरून हजारो मजूर आणले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये तीव्र उन्हात तोडणी चालू असताना तेथे अनेक मजूर मृत्युमुखी पडले. त्याच हंगामात पन्नासहून अधिक परदेशी मजुरांना, ज्यांत बहुसंख्य पश्चिम आफ्रिकेतील होते, घाणीत आणि अन्नाची आबाळ करीत कोंडल्यासारखे ठेवल्याचे उघडकीस आले. जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने या प्रकरणी मजूर पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला आणि दोन मुकादमांना मानवी तस्करीच्या गुन्ह्याखाली दोषी ठरवले. पगारी रजेच्या मायदेशात ही स्थिती आहे. संघटना जेथवर पोचते तेथवर कायदा जिवंत राहतो. कंत्राटदार आला की तो कागदावर जातो.

नाशिकचा पाट

याचा महाराष्ट्राशी संबंध आहे, कारण असाच एक मुलूख गोदावरीच्या खोऱ्यात उभा राहिला आहे. नाशिक जिल्ह्यातील बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी पिकतात. वाइनसाठी लागणारा वाटा लहान आहे. पण २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले, सवलती दिल्या, आणि गंगापूर धरणाच्या परिसरात व दिंडोरी तालुक्यात वाइनचे कारखाने आणि त्यांच्याभोवती पर्यटन वाढले. आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारींची तेथे रीघ लागते. त्यांच्यामध्ये महागड्या सायकली घेऊन आलेले हौशी स्वारही असतात. त्यांच्याविषयी आकस धरण्याचे कारण नाही. मोटारीऐवजी सायकल घेऊन येणारा माणूस कोणाचे वाईट करीत नाही.

प्रश्न त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्या दुसऱ्या माणसांचा आहे. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, मग घडांची विरळणी, डिपिंग, शेवटी तोडणी, अशी कामे वर्षभर त्यांच्याच हातांनी होतात. हात वर धरून मांडवाखाली दिवसभर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने ते केले त्यालाच कळते. टोळी पिकअप गाडीत दाटीवाटीने उभी राहून येते, आणि जवळच्या वस्तीवरचा मजूर जुन्या सायकलीवर. या सायकलस्वाराला शांत रस्ता लागतो तो सृष्टिसौंदर्यासाठी नाही, तर संध्याकाळी जिवंत घरी पोचण्यासाठी. महाराष्ट्रात रस्ते रुंद झाले, पण सायकलीची जागा त्या रुंदीत कोठेही आखली गेली नाही. मार्च २०१८ मध्ये याच आदिवासी भागातील हजारो शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. त्यांना या रस्त्यांची ओळख पायांनी आहे.

हे रस्ते तरी कोणी बांधले? १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुषांनी उन्हात खडी फोडली, माती वाहिली, आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा जन्माला आला. खेड्यापाड्यांतील कितीतरी रस्त्यांचा पाया त्या भुकेल्या हातांनी घातला आहे. लांगदॉकच्या कालव्याइतकाच तो इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा आहे. पण त्या रस्त्यांच्या कडेला त्याची पाटी नाही.

म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावर वादळ उठले, तेव्हा त्या वादात एक बाजू जवळजवळ मुकी राहिली. एका बाजूने शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा हवाला दिला गेला, दुसऱ्या बाजूने समाजाच्या नीतीचा. मांडवाखाली उभ्या असलेल्या बाईच्या मजुरीचा, तिच्या आठवड्याच्या सुट्टीचा उल्लेख क्वचितच कोणी केला. १९४८ च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. द्राक्षबागेतल्या मजुराचा कामाचा दिवस बुडाला की मजुरी बुडते, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे.

काय मागावयाचे

चळवळीने या प्रश्नाकडे तीन मागण्यांच्या रूपाने पाहावे. पहिली मागणी सवडीची. द्राक्षबागांतील मजुराला आठवड्याची पगारी सुट्टी आणि हंगामाअखेर पगारी रजा मिळाली पाहिजे. या उद्योगाला सरकार सवलती देते. सवलत घेणाऱ्यावर ही अट घालणे अजिबात अवघड नाही. टोळीच्या मुकादमाची नोंद आणि मजुराचे हजेरीपत्रक ही त्याची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी चढवण्याचे काम संघटनेशिवाय कोणी करणार नाही.

दुसरी मागणी रस्त्याची. गंगापूरचा डावा कालवा असो, की नांदूर मध्यमेश्वर येथून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे असोत, प्रत्येक पाटाच्या कडेने देखभालीची वाट असतेच. ती सरकारी मालकीची आहे, समान उंचीवरून जाते, आणि अवजड वाहनांना तेथे काही काम नाही. लांगदॉकमध्ये घोड्यांची वाट जशी सायकलींची झाली, तशी पाटाची वाट नीट करून ती पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी राखून ठेवता येईल. त्या वाटेने मजूर बागेत जाईल, मुली शाळेत जातील, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातला कामगारही मुलाबाळांना घेऊन येईल. त्यासाठी परदेशी सल्लागार नेमण्याची गरज नाही. मुरूम, रोलर आणि ग्रामपंचायतीचा ठराव पुरे आहे. मात्र ही वाट खासगी पर्यटनाच्या ठेक्यात जाणार नाही आणि तिला फाटक लागणार नाही, हे पहिल्या दिवसापासून पाहावे लागेल.

तिसरी मागणी प्रवासाची. लाग्रांज यांच्याजवळ रेल्वे होती. महाराष्ट्राजवळ एसटी आहे. ठरावीक रकमेत काही दिवस हवे तेथे फिरू देणारी 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना एसटीने चालवली, आणि २०२३ पासून स्त्रियांना भाड्यात निम्मी सवलत आहे. याच धर्तीवर शेतमजूर आणि असंघटित कामगार कुटुंबांना वर्षातून एकदा सवलतीचा प्रवास देता येईल. सुरगाण्याच्या बाईने समुद्र पाहावा, हे कल्याणकारी राज्याच्या कामाच्या बाहेरचे आहे असे म्हणणाऱ्याने ते तोंडाने स्पष्ट बोलून दाखवावे.

काही कार्यकर्त्यांना या मागण्या दुय्यम वाटतील. मजुरी, जमीन, रेशन हे प्रश्न धगधगत असताना सायकल आणि सुट्टी यांची भाषा कशाला, असे ते विचारतील. याचे उत्तर १९३६ च्या संपकऱ्यांनी देऊन ठेवले आहे. त्यांनी मजुरीवाढ आणि रजा या मागण्या एकाच वेळी केल्या, कारण पोट भरणे ही जगण्याची सुरुवात आहे, शेवट नाही, हे त्यांना ठाऊक होते. ज्या चळवळीला श्रमिकाच्या फक्त भुकेची भाषा येते, ती त्याच्या आनंदाचा प्रांत बाजाराच्या स्वाधीन करते. आणि बाजार तो प्रांत कुंपण घालून, तिकीट लावून दुसऱ्यांना विकतो. द्राक्षमळ्यांतल्या शांत रस्त्यावर पहिला हक्क तो रस्ता बांधणाऱ्याचा आणि त्या वेली छाटणाऱ्याचा आहे. हा हक्क नाशिकच्या पाटावर मागण्याचे काम पुढच्या गोडी छाटणीच्या हंगामापासून, टोळ्या बागांत उतरतील त्याच दिवशी, सुरू झाले पाहिजे.